वैशाखातला बिबा

जळगाव, १८ जानेवारी

श्रीमती शेवंताबाई यांस,

'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, हे लक्षात आलंच असेल. फोनवर बोलून पाहिलं. तुम्ही फोन उचलता, माझा आवाज ओळखता आणि तो तसाच ओट्यावर ठेवून कामाला लागता. मागच्या सोमवारी मी सात मिनिटं तुमच्या कोंबड्या ऐकल्या. म्हणून पत्र.

सरळच लिहिते. कामिनीला सहावा सरत आला. वैशाखाच्या तोंडावर बाळंत होईल. नाशिकहून तिचा फोन आला होता. "मम्मी, बाळंतपणाला मी आजीकडे साक्रीला जाणार." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण आईकडे असतं. तर हसून म्हणते, "मम्मी, तू ऋतुचर्या शिकवतेस. आजी ती करते. मला करणारी पाहिजे."

तुम्ही तिला नाही म्हणा. तिच्यावर तुमचा जीव आहे, हे मला माहीत आहे. प्रत्येक ऋतू पालटताना तिच्या नावाने एसटीतून पिशवी सोडता, तेही माहीत आहे. कारण काहीही द्या. पाय दुखतात म्हणा, पाण्याची टंचाई म्हणा, तिकडे आत्तापासूनच ऊन तापतं म्हणा. माझं नाव मध्ये आणू नका.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. त्या घरात वैशाखात एक बाळंतपण झालं होतं, माझं. मला आई नव्हती, म्हणून सासरीच झालं. कडाक्याच्या थंडीत द्यायचा बिबा, तो भर उन्हाळ्यात माझ्या पोटात गेला आणि अंगभर उतला. तोंड सुजून भोपळा झालं, डोळे मिटून गेले, छातीवर फोड आले. बारा दिवसांच्या कामिनीला मला अंगावर घेता येत नव्हतं. कुणामुळे झालं, ते तुमच्या मुलाने तेव्हाच ओळखलं. म्हणून तर पावसाळ्याच्या आत आम्ही साक्री सोडली. सव्वीस वर्षांत ते तुमच्या दारात लग्नाला आणि मयताला तेवढे आले, आणि येताना पाण्याची बाटली घरून घेऊन आले.

तेच माझ्या मुलीच्या बाबतीत व्हायला नको. एवढंच.

मोहिनी


जळगाव, ९ फेब्रुवारी

शेवंताबाई यांस,

तुमचा निरोप तुमच्या मुलाच्या फोनवर आला. "पोर येस म्हनस ते येऊ दे. मी कोन रोकनारी?" त्यांनी तो मला सांगितला, आणि सांगताना त्यांचा चेहरा दगडासारखा होता. मी विनंती केली होती. तुम्ही ती मोडलीत.

आणखी एक कळलं. माझं पत्र तुम्ही त्या रईसाकडून वाचून घेतलंत. पलीकडच्या गादीवाल्या चांदची बायको. तीही तुमच्या ओट्यावर, संध्याकाळी, चार बाया लसूण सोलत बसलेल्या असताना. तुम्हाला वाचता येत नाही हे मी विसरले, ही चूक माझी. पण घरातलं पत्र उघड्यावर वाचायचं, ही तुमची.

रईसा, हे वाचत असशील तर आवाज कमी कर.

माझ्या वर्गाचा जो व्हिडिओ साक्रीत फिरतोय, त्याबद्दलही तुमचं मन दुखलं म्हणे. तर ऐका. मी इथे बायकांचे वर्ग घेते, कॉलनीच्या सभागृहात, तीस-तीस जणींचे. मी वैद्य नाही, तसं पहिल्याच दिवशी सांगते. मी एवढंच शिकवते की ऋतू पालटतो तसं घर पालटायला हवं. थंडीत तिळाचं तेल लावून अंघोळ, ज्वारीऐवजी बाजरी, वर तीळ-गूळ. फाल्गुनात जड खाणं कमी, सकाळी घाम येईपर्यंत चालणं. उन्हाळ्यात चालणं कमी, तिखट कमी, धन्या-जिऱ्याचं पाणी, दुपारी डोळाभर झोप. पावसाळ्यात उकळलेलं पाणी आणि सुंठ. पाऊस उघडल्यावर ऊन चटकतं, तेव्हा दही बंद. आणि जुना ऋतू एकदम तोडायचा नाही, त्याचे शेवटचे सात दिवस आणि नव्याचे पहिले सात दिवस हळूहळू सोडायचं, हळूहळू धरायचं. बायका वहीत लिहून घेतात. त्यांना सगळ्यात आवडतं ते हे, की कॅलेंडर पाहू नका, पहाटे पोराने गोधडी लाथाडली की तिळाचं तेल ठेवून द्या आणि खोबरेल काढा.

हो, हे तुमचं आहे. तुम्ही म्हणाला होतात. मी ते माझं म्हणून सांगते. नाव घालून सांगायला तुम्ही माझ्या कोण?

आणि पहिल्या दिवशी मी माझी गोष्ट सांगते. चांगलं औषधही चुकीच्या ऋतूत विष होतं, हे बायकांच्या मनात बसावं म्हणून. सासूने मला भर वैशाखात बिबा दिला, असं सांगते. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. वर्गातल्या एकीने ते मोबाइलवर घेतलं. तिचं माहेर साक्रीचं निघालं, त्याला मी काय करणार?

उलट मीच विचारते. दुजाभाव कोणी केला? सुनंदाचं बाळंतपण पौषातलं, माझ्या आधी चार महिने. तिला मुलगा झाला. थोरल्या सुनेला रोज सकाळी दिव्याच्या ज्योतीवर सुईला टोचून बिबा धरायचात, त्याचं तेल थेंबाथेंबाने दुधात पडायचं, चर्र आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी एक थेंब, मग दोन, मग पाचापर्यंत चढवून पुन्हा उतरवलेत. डिंकाचे लाडू, शेगडी, मेथी. महिन्यात ती अशी उजळली की येणाऱ्या बाया दृष्ट काढायच्या. आणि मला? मुलगी झाली तर धने भिजवलेलं पाणी, दूध-खडीसाखर आणि नागलीची पेज. मी तोंड उघडून विचारलं होतं, "आई, मला बिबा?" तर मान वर न करता म्हणालात, "नही. उनाया शे." उन्हाळा आहे, एवढंच. मला कोणी नव्हतं म्हणून दोन शब्दांत भागवलंत.

कामिनीला नाही म्हणा. शेवटचं सांगते.

मोहिनी


जळगाव, २ मार्च

शेवंताबाई,

तुमच्या त्या रईसाचा काल फोन आला. आधी बाळंतपणाची चौकशी, मग उन्हाची, मग हळूच, "भाभी, एक बात पूछू? बुरा मत मानना."

"विचार."

"पहिले खत में लिखा कि बिबा पेट में गया. दूसरे में लिखा, अम्मा ने नही बोली, धने का पानी दिया. दोनो कैसे होगा? इधर बैठे थे सब, शेवगेवाली मौसी ने पकडा. मेरे तो ध्यान में भी नही आया था."

मी म्हटलं, "तू दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस."

"मैं किधर खुपसती? आपही लिखते, मैं तो खाली पढती."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"अम्मा? लसूण का छिलका झटका, खत घडी करके रख दिया."

पोरगी तोंडाळ आहे. गादीवाल्याच्या घरात कापसासारखं बोलणं शिकायला हवं होतं तिने.

पत्र घाईत लिहिलं होतं. घाईत मागचं-पुढचं होतं. आधी नाही म्हणालात आणि नंतर दिलात, असं मला म्हणायचं होतं. एवढी वर्षं झाली, सगळं कसं क्रमाने आठवेल? तोंड सुजलेल्या माणसाला तारखा विचारायच्या नसतात.

रईसाने आणखी एक सांगितलं, ते तिने सांगायला नको होतं. त्या व्हिडिओनंतर तुम्हाला कोणी बाळंतिणीचं अंग चोळायला बोलावत नाही. मंदाबाईची सून तुमच्या शेजारच्या गल्लीत बाळंत झाली, त्यांनी पिंपळनेरहून बाई आणली. या सबंध थंडीत तुमच्याकडे एकही बाळंतीण नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणे. तुम्ही रोज सकाळी तेल कोमट करता आणि स्वतःच्याच गुडघ्यांना लावून बसता.

हे ऐकून मला वाईट वाटावं म्हणून तुम्हीच तिला फोन करायला लावलात का?

मोहिनी


जळगाव, ३० मार्च

शेवंताबाई,

आता पत्राची तशी गरज उरली नाही. कामिनी इथे आली आहे. साक्रीला जाणार नाही. तिने तो व्हिडिओ पाहिला. इतकी वर्षं तिला एवढंच माहीत होतं की आजीचं आणि मम्मीचं पटत नाही. आता तिला बिबा कळला.

तिने तुम्हाला फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण ती ओरडत होती. "आजी, तू माझ्या मम्मीला मारलं असतंस! मी तेव्हा बारा दिवसांची होते! आणि मी तुझ्याकडे यायला निघाले होते!" मग ती थांबली. तुम्ही काय बोललात ते मी तिला नंतर विचारलं.

ती म्हणाली, "आजी म्हणाली, तुन्ही माय सांगस तसंच शे, बेटा. तू मायजोडेच राह्य. पानी पीत जाय."

आईजवळच राहा, पाणी पी, एवढंच? तुम्ही नाकारलं का नाहीत?

मला जे हवं होतं ते झालं. गुढीपाडव्याची श्रीखंडाची वाटी समोर आहे, आणि मला ती जात नाही. तुम्हाला हरवल्याचा आनंद तरी मला नीट होऊ द्यायचा होतात. तेही तुम्ही केलं नाहीत. भांडायला उभं राहावं तर समोर माणूसच नाही, अशा बाईशी कोणी काय करावं?

उत्तर नको.

मोहिनी


जळगाव, ४ मे

आई,

हे पत्र रईसा वाचणार नाही. तुमच्या मुलाला मी सांगितलंय की पाकीट साक्रीला पोचेपर्यंत फोडायचं नाही, आणि आईंसमोर बसून तुम्हीच वाचून दाखवायचं. ते म्हणाले, "मी कशाला? पोस्टाने टाक." मी म्हटलं, मुलगी झाल्याचे पेढे काही पोस्टाने जात नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते कारणाशिवाय तुमच्या ओट्यावर बसले असतील. कारण आहे, पण ते त्यांना अजून माहीत नाही.

कामिनी अठरा एप्रिलला दवाखान्यात बाळंत झाली. दोघी सुखरूप आहेत, हे आधी.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिला दूध दिलं. तिने पेला नाकाशी नेला, हुंगला, ठेवून दिला. "यात काय घातलंस?" मी म्हटलं, खडीसाखर. ती म्हणाली, "नुसतं पिशवीतलं दे, तू हात लावू नकोस." पेज दिली तर हुंगली. धन्याचं पाणी दिलं तर खिडकीबाहेर ओतलं. बाहेर ऊन चव्वेचाळीसच्या वर, आणि ती विकतच्या बाटलीतलं पाणी पिते, तेही सील स्वतः तोडून. खाणं नावाला. ओठ फुटले, लघवीला आग, दूध आटत चाललं, पोर रडून निळी व्हायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला आजार काही नाही. हिला खायला-प्यायला घाला." मी तीस-तीस बायकांना वाढत्या उन्हात काय प्यावं ते शिकवते. आणि माझ्या घरात माझी मुलगी माझ्या हातचा पेला हुंगते.

"मम्मी, तू हे सगळं आजीकडूनच शिकलीस ना?" असं म्हणाली ती मला. रागाने नाही, भीतीने.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, चांद तुमची पिशवी घेऊन आला. वाळा, धने, खडीसाखर, नागलीचं पीठ. सव्वीस वर्षांपूर्वी मला दिलं होतंत, तेच सगळं. कामिनीने ती न उघडता कामवालीला देऊन टाकली. चांद दारातच उभा होता. तो चहाही न घेता उन्हात निघून गेला.

त्या दुपारी मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही नेहमीसारखा तो ओट्यावर ठेवलात. मी सगळं त्या कोंबड्यांना सांगितलं. सांगून झालं तेव्हा पलीकडून रईसाचा आवाज आला, "भाभी, अम्मा इधरच बैठी है. बोल रही, 'माले कसाले सांगस? माले त माहीत शे. जिले माहीत नही, तिले सांग.'"

तुम्ही ऐकत होतात. म्हणजे आजवर प्रत्येक वेळी ऐकत होतात का?

दुसऱ्याच दिवशी कामिनीला सांगितलं. पोर मांडीवर होती म्हणून ती ओरडली नाही. तिने पोरीला खाली ठेवलं. मग स्वयंपाकघरातला पेजेचा पेला तिने स्वतः उठून घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायली. हुंगला नाही. मग म्हणाली, "पप्पांना तू सांगतेस की मी सांगू?"

मला ते तोंडाने जमत नाही, आई. मी रोज माणसांसमोर बोलते, पण ह्यांच्यासमोर हे बोलायला उभी राहिले की माझी जीभ उचलत नाही. म्हणून हा मार्ग. हा भित्रेपणा आहे, हे मला कळतं.

अहो, इथे थांबू नका. पुढे वाचा, मोठ्याने वाचा. आईंना ऐकू कमी येतं असं त्या दाखवतात, तसं काही नाही.

त्या वैशाखात आईंनी मला बिबा दिला नाही. मी मागितला, त्यांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून, मला आई नाही म्हणून, थोरलीला एक आणि मला एक चाललंय. कण्हत पडल्या पडल्या मी चार महिने आधीचं सुनंदाचं तोंड आठवत होते. आई दुपारी गल्लीत कुणाची तरी बाळंतीण चोळायला गेल्या की मी आढ्यावरच्या चिंधीतले बिबे काढले. त्यांच्यासारखी सुई घेतली, दिवा लावला. थेंब किती, ते मी पाहिलंच नाही. उजळायचं होतं मला, लवकर. तीन दुपारी घेतला. चौथ्या दिवशी सकाळी मला डोळे उघडता येईनात.

तुम्ही शिंदखेड्याहून कामावरून आलात आणि दारातूनच ओरडलात, "इले काय दिन्हं?" मला काही दिसत नव्हतं, आवाज तेवढे येत होते. मी म्हणाले, "मला काय माहीत? आई देतात ते मी पिते."

एवढंच एक वाक्य. ते मी तेव्हा भीतीने बोलले. तुम्ही रागावाल याची भीती, आई मला घराबाहेर काढतील याची भीती. दुसऱ्या दिवशी खरं सांगू, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईंशी बोलणं बंद केलं होतं, आणि माझ्या उशाशी बसून माझा हात धरला होता. लग्नानंतर पहिल्यांदा. तो हात मला सोडवेना.

पापणी किलकिली झाली तेव्हा मी एक पाहिलं होतं. आईंनी दिव्याजवळ पडलेली, काळी पडलेली सुई उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ती लुगड्याच्या काठात खोवली. मग ओलं खोबरं वाटायला बसल्या. पुढचे दहा दिवस त्यांनी मला खोबऱ्याचा लेप लावला, फोडांना लोणी लावलं, कोथिंबिरीचा रस पाजला, आणि कामिनीला वाटी-चमच्याने शेळीचं दूध घातलं. तुम्ही तेव्हा ओसरीत बसून त्यांच्यावर नजर ठेवत होतात, आणखी काही खायला घालतील म्हणून.

आई, माझं चुकलं हे मी लिहिणार नाही, ते लहान पडतं. पण तुमच्यावरचा राग गेला असंही लिहिणार नाही. तुम्ही एकदा, एकदाच, "मी नही दिन्हा" म्हणाला असतात तर मी रडले असते, मार खाल्ला असता कदाचित, आणि मोकळी झाले असते. तुम्ही गप्प राहिलात. मला वाचवायला की मला शिक्षा म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. सव्वीस वर्षं मी ते खोटं अंगाला चोळत आले. शेवटी वर्गाच्या पहिल्या दिवशी तेच सांगून टाळ्या घेऊ लागले. तुमचं गोधडीचं वाक्य चोरलं, तेव्हाही वाटायचं, ही कधीतरी चिडेल. तुम्ही चिडलाच नाहीत. माझ्यासारख्या बाईला तुमच्यासारखी सासू फार जड जाते.

व्हिडिओ काढून टाकायला लावलाय. परवाच्या वर्गात गोष्ट खरी सांगितली. सहाजणी उठून गेल्या. मंदाबाईला मी स्वतः फोन केला, तर ती म्हणाली, "आत्ता सांगून काय? सून तर उठली बाळंतपणातून." साक्रीतल्या बाया तुमच्याकडे परत येतील की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही जळगावला या, असं मी म्हणत नाही. मला तुमच्यासमोर बसायचं धाडस अजून नाही. कामिनी म्हणते, बाळंतीण प्रवास करत नाही म्हणून थांबलेय, सव्वा महिना झाला की पोरीला घेऊन आजीकडे जाईन, तू अडवायचं नाहीस. मी अडवणार नाही. तोवर पेज पिते आहे, दूध बरं येतंय.

अहो, पत्र संपलं. कागद खाली ठेवा. समोर तुमची आई बसली आहे.

मोहिनी